जिना उतरायचा कुठे

नवा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला गेला, त्याचे कोपरे वर येऊ नयेत म्हणून चहाच्या बशा ठेवल्या गेल्या, आणि सगळे एका सुरात म्हणाले, "छान आहे."

सगळे एका सुरात छान म्हणाले की पुढे काय होतं, हे थोरलीला आता पाठ झालं होतं. आर्किटेक्ट बाईंचं पाऊल फाटकाबाहेर पडलं की घरातल्या एकेकाला काहीतरी काम आठवायचं. सासूबाई कुंड्यांना पाणी घालायला जायच्या, धाकटा दीर स्वच्छ गाडी पुन्हा पुसायला निघायचा, थोरलीचा नवरा कोपऱ्यावरच्या दुकानात काहीतरी विसरलेलं आणायला जायचा. आणि जो तो आपापल्या आडोशाला उभा राहून त्या बिचारीला फोन लावायचा. तसं छानच आहे हो, फक्त एक छोटीशी गोष्ट होती.

त्या छोट्याशा गोष्टींनी आजवर कोठीची खोली गिळली होती, न्हाणीघराचं दार तीनदा फिरवलं होतं, आणि जिन्याला तर घरभर वणवण करायला लावली होती. बेत साधा होता. गच्चीवर धाकट्यासाठी दोन खोल्या चढवायच्या आणि वर जायला जिना करायचा. आता गच्चीवर जायला मागच्या अंगाला एक लोखंडी शिडी होती, तिच्यावर मांजरही विचार करून चढायचं. पहिल्या नकाशात जिना पुढच्या खोलीत उतरला. तिथून तो स्वयंपाकघरात गेला. एकदा घराबाहेर जाऊन आला. त्यानंतर काही दिवस तो सासूबाईंच्या पलंगाच्या उशाशी होता. आणि आज, या नव्या नकाशात, तो मागच्या खोलीत येऊन बसला होता.

मागच्या खोलीत थोरलीचं टेबल होतं.

थोरली श्रवणयंत्रांसाठी कानाचे साचे बनवायची. शहरातल्या कानाच्या डॉक्टरांकडून छोट्या डब्यांतून कानांचे ठसे यायचे, त्यांवरून ती साचे ओतायची, कापायची, घासायची आणि एका चिमुकल्या चाकावर गुळगुळीत करायची. एकाच माणसाचे दोन कानसुद्धा सारखे नसतात. केसाएवढी कड राहिली तरी माणूस यंत्र काढून खणात टाकतो आणि पुन्हा बहिरा होतो. त्यासाठी तिला उत्तरेच्या खिडकीचा एकसारखा उजेड लागायचा. तो उजेड या घरात फक्त मागच्या खोलीत होता, आणि तो तिचा होता. दार लावून घेतल्यावर कुणी हाक मारत नाही, अशी तिच्या उभ्या संसारातली ती एकच जागा.

"वहिनी, तुम्ही काहीच बोलला नाहीत," आर्किटेक्ट बाई म्हणाल्या. पन्नाशीच्या, बारीक कापलेल्या केसांच्या, कानामागे पेन्सिल खोचलेल्या या बाई पहिल्या काही भेटींत खूप हसायच्या. हल्ली हसत नसत.

"छान आहे," थोरली म्हणाली, आणि स्वतःचाच राग येऊन बशा गोळा करायला लागली. नकाशाचे कोपरे लगेच वर आले.

या घरात 'नाही' हा शब्द कुणी कुणाच्या तोंडावर उच्चारत नसे. सासऱ्यांनी तशी रीतच पाडली होती. पोराने सहलीला जाऊ का विचारलं, तर ते 'बघू' म्हणायचे. लेकीने गाणं शिकू का विचारलं, तरी 'बघू'च. त्या 'बघू'त हो होतं की नाही, हे ज्याचं त्याने ओळखायचं. सासरे गेले, त्यांची छत्री, खुर्ची आणि 'बघू' मागे राहिलं. छत्री मोडली, खुर्ची माळ्यावर गेली. 'बघू' मात्र दोन्ही मुलांनी वाटून घेतलं.

नकाशात जिना मागच्या खोलीत असल्याचं थोरलीला कालच कळलं होतं, कारण बाईंनी आधी एक प्रत पाठवली होती. तेव्हा तिने नवऱ्याला विचारलं होतं, "हे कुणी सांगितलं असेल हो?"

"बघू," तो म्हणाला होता. "विचारतो धाकट्याला."

"आई, ताईंना दिसतंय का नीट?" आत्ता, नकाशापाशी, धाकटीने सासूबाईंना विचारलं. लग्न होऊन दुसरं वर्ष लागलेली ही धाकटी जाऊ, सगळ्यांशी हळू आवाजात बोलायची आणि भिंतीला धरून उभी राहायची. नणंद दुसऱ्या शहरातून फोनवर हजर होती. फोन बरणीला टेकवून ठेवला होता, पण तो घसरून उताणा झाला होता.

"मला मघापासून पंखा दिसतोय," फोनमधून ताई म्हणाल्या. "पंखा छान आहे."

कुणीतरी फोन उभा केला. आर्किटेक्ट बाईंनी तेवढ्यात नकाशाची गुंडाळी केली आणि तिला रबर लावलं.

"छान आहे ना?" त्या म्हणाल्या. "मग आज मला एक काम करू द्या. आज मी संध्याकाळच्या फोनची वाट बघणार नाही. हा जिना मी इथेच, तुमच्या जमिनीवर काढते. खऱ्या मापाचा. तुम्ही सगळे त्याच्यावरून एकदा वर जा आणि खाली या. मग छान म्हणा."

"खडूने?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना सगळे आई म्हणत, आर्किटेक्ट बाईसुद्धा काकू म्हणता म्हणता आई म्हणायला लागल्या होत्या.

"खडूने. पुसला जातो."

"मी सकाळीच लादी पुसलीय."

"आई, लादी मी पुसलीय," थोरली म्हणाली.

"तेच म्हणते मी. आपण पुसलीय."

बाई मागच्या खोलीत गेल्या. मागून वरात गेल्यासारखे सगळे गेले. धाकट्याच्या हातात ताईंचा फोन, धाकटीच्या हातात बिस्किटांची बशी. थोरलीने आधी पुढे होऊन टेबलावरचे ठसे डब्यांत भरले आणि झाकणं लावली. ओळीने निळे, गुलाबी कान. धाकट्याला ते दर वेळी बघून शिसारी येत असे, आजही त्याने मान वळवली.

"टेबल जरा सरकवावं लागेल," बाई म्हणाल्या.

"टेबल काय, कुठेही मावेल," धाकटा म्हणाला.

हे वाक्य थोरलीने गेल्या काही महिन्यांत सगळ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. टेबल जणू एखादं कुत्र्याचं पिल्लू होतं, टोपली दिसली की जाऊन झोपणारं. टेबल मावतं कुठेही, तिला म्हणायचं होतं, उजेड मावत नाही. पण दोघा भावांनी टेबल उचललंसुद्धा, दाराशी नेऊन ठेवलं, आणि ते दारात अडकून खोलीत यायची जायची वाट बंद झाली.

बाईंनी गुडघ्यावर बसून दोरी ताणली. लादीवर एकेक पायरी उमटत गेली. मग त्यांनी भिंतीला चिकटपट्टी लावत लावत जिन्याचा चढ दाखवला, जमिनीपासून तिरपा वर, थेट छतापर्यंत. चिकटपट्टी खिडकीच्या मधोमध गेली. अर्धी खिडकी जिन्याच्या वर राहिली, अर्धी खाली.

"आता चला," बाई म्हणाल्या. "सकाळ झालीय. काकू, म्हणजे आई, तुम्ही काय करता सकाळी?"

"मी वर चहा घेऊन जाते."

"तुम्ही कशाला जाल?" धाकटी घाईने म्हणाली. "मी खाली येईन ना."

"मग मी वर येणार नाही असं का? जिना आत पाहिजे तो कशासाठी? बाहेरून जिना म्हणजे भाडेकरू. माझा मुलगा भाडेकरू नाही."

"तेच तर," धाकटा म्हणाला. "एक घर, एक दार. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय."

"पहिल्यापासून तू पुढच्या खोलीत जिना म्हणत होतास," आर्किटेक्ट बाई शांतपणे म्हणाल्या.

"ते आईसाठी."

"माझ्यासाठी? मला तर वाटलं तुला जिन्यावरून मोटार दिसायला हवी म्हणून."

"मला पुन्हा पंखा दिसतोय," ताई म्हणाल्या.

"ताई, तो दुसरा पंखा आहे," धाकटा म्हणाला.

आई खडूच्या पहिल्या पायरीवर चढल्या. चढल्या म्हणजे जमिनीवरच उभ्या राहिल्या, पण हात मात्र कठडा धरल्यासारखा हवेत धरला. मग दुसऱ्या पायरीवर, मग तिसऱ्या. पुढे भिंत आली.

"इथून वळायचं," बाई म्हणाल्या. "आणि वळताना डोकं सांभाळा, इथे खिडकीची चौकट लागेल. ती खिडकी मग बुजवावी लागणार. अर्धी ठेवली तर पावसाचं पाणी पायऱ्यांवर येईल."

"बुजवली तर बुजवली," आई म्हणाल्या. "मागे बघण्यासारखं आहे काय? कुंपण."

थोरली खिडकीकडे बघत होती. कुंपण तिला कधी दिसलंच नव्हतं. तिला दिसायचा तो उजेड, दुपारी तीन वाजताही सकाळच्यासारखा सरळ.

"वहिनी, आता तुम्ही," बाई म्हणाल्या. "तुमची सकाळ."

"माझी?" थोरली म्हणाली. तिने इकडेतिकडे पाहिलं. टेबल दारात अडकलेलं. खोलीत उरलेली सगळी जमीन पायऱ्यांची. "मी कुठे उभी राहू?"

धाकट्याने ताईंचा फोन या हातातून त्या हातात घेतला. थोरला, जो इतका वेळ टेबलाच्या पलीकडे दाराबाहेर उभा राहून आत डोकावत होता, त्याला ही शांतता असह्य झाली. कुणाच्याही घरात, कुठल्याही प्रसंगी, शांतता पसरली की ती मोडण्याची जबाबदारी आपली, असं त्याला वाटायचं.

"अगं, सगळं बसतं," तो म्हणाला. "टेबल जाईल पुढच्या खोलीच्या भिंतीला. आणि तुझं साच्यांचं कपाट आहे ना, ते बरोबर पायऱ्यांच्या खाली जातं. वर चार बोटं उरतातसुद्धा."

थोरलीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

थोरल्याने आयुष्यात कधी काही मोजलं नव्हतं. पडदे आणायला गेला तर दुकानात दोन्ही हात पसरून माप दाखवायचा आणि घरी येईपर्यंत हात तसेच धरावेत की काय या विचारात पडायचा. त्याने दुरुस्त केलेलं एकही स्टूल सरळ उभं राहत नव्हतं. आणि त्याला कपाटावर उरणारी चार बोटं माहीत होती.

"तुम्ही कधी मोजलंत?" तिने विचारलं.

"काय?"

"कपाट."

"असंच. अंदाजाने."

"अंदाजाने चार बोटं?"

थोरल्याने टेबलावर हात ठेवला. टेबलाची कड त्याने कधी इतकी लक्ष देऊन पाहिली नसेल. "तू डॉक्टरांकडे साचे द्यायला गेली होतीस ना परवा," तो म्हणाला. "तेव्हा."

परवा. म्हणजे नकाशा यायच्या आधी. आणि काल तिने विचारलं होतं, कुणी सांगितलं असेल, तर तो म्हणाला होता, विचारतो धाकट्याला.

आर्किटेक्ट बाई खडू झटकत होत्या. कुणी काय फोन केला, हे त्या कधी सांगत नसत. तसा त्यांचा नियमच होता. आत्ताही त्या भिंतीवरच्या चिकटपट्टीकडे पाहत राहिल्या.

"म्हणजे दादाने सांगितलं?" धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात आश्चर्य होतं, आणि थोडी सुटकाही. "मला तर वाटलं हिने."

"मी?" धाकटी म्हणाली. आणि मग, बिस्किटांची बशी हातात तशीच धरून, या घरात आल्यापासून कधी बोलली नव्हती इतक्या मोठ्या आवाजात बोलली. "मी कशाला सांगेन? मला जिना बाहेरूनच हवा होता. पहिल्या दिवसापासून. रात्रपाळीहून आले की मी दार वाजवते आणि सगळं घर उठतं. आई उठतात, वहिनी उठतात, मग सगळे मला विचारतात जेवलीस का. मला झोप आलेली असते. पण मी बाहेरून म्हटलं असतं तर काय झालं असतं, आल्या आल्या वेगळी व्हायला निघाली. म्हणून मी छान म्हणाले. प्रत्येक वेळी."

"हे मला का नाही सांगितलंस?" धाकट्याने विचारलं.

"सांगितलं. तू बघू म्हणालास."

आई खडूच्या तिसऱ्या पायरीवर अजून उभ्या होत्या, हवेतल्या कठड्याला धरून. त्यांना प्रश्न पडला असावा, आपण खाली उतरायचं की नाही. त्या उतरल्या नाहीत.

"घ्या," ताई फोनमधून म्हणाल्या. "मी सांगत होते तुम्हाला, एकत्र राहायचं तर—"

"ताई, थांबा जरा," थोरली म्हणाली.

ती म्हणाली ते इतक्या सरळ आवाजात की धाकट्याने फोन खालीच केला.

थोरलीला वाटलं होतं, जाऊ आपली खोली मागतेय. त्या संशयावर तिने काल रात्रभर कूस बदलली होती, आज सकाळपासून धाकटीच्या साध्या बोलण्यात काटा शोधला होता. आणि खोली मागणारा माणूस तिच्या शेजारी घोरत होता. त्याला खोली नकोच होती. त्याला फक्त भावाला नाही म्हणायचं नव्हतं, आईला नाही म्हणायचं नव्हतं. मग जिच्याकडून कधी नाही ऐकलं नव्हतं तिच्या जागेवर त्याने जिना उतरवला. वर तिच्या कपाटाचं माप घेतलं, म्हणजे तिची काळजीही केली. हे तिला सगळ्यांत जास्त लागलं. त्याने काळजी करत करत हे केलं होतं.

"मग कसं करूया?" थोरला म्हणाला. "आपण असं करू, आज राहू द्या. दोन दिवस जाऊ दे. बघू."

"बघून झालं," थोरली म्हणाली.

"अगं, पण—"

"मागच्या खोलीत जिना नाही."

या शब्दावर पुढे काय करतात, ते घरात कुणाला ठाऊकच नव्हतं. धाकटीने बशीतलं एक बिस्किट उचललं आणि खाल्लं, बहुधा हाताला काहीतरी काम हवं म्हणून. तिच्या चावण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"म्हणजे," थोरल्याने सावधपणे विचारलं, "मागच्या भिंतीला नाही, पण पुढच्या भिंतीला—"

"नाही."

आर्किटेक्ट बाईंनी कानामागची पेन्सिल काढली. "हे मी शेवटचं धरू का?" त्यांनी विचारलं. "की संध्याकाळी फोन येईल?"

"माझा येणार नाही," थोरली म्हणाली. "आजवर एकदाही आला नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "प्रत्येक वेळी फोन वाजला की मी तुमचं नाव असेल म्हणून बघायचे."

सगळे आता आईंकडे बघायला लागले. बाहेरून जिना म्हणजे भाडेकरू, हे आईंनी आत्ताच म्हटलं होतं, आणि आईंचं म्हणणं मोडायचं तर निदान आईंनी रडायला तरी हवं होतं, तशी सगळ्यांची समजूत होती. आईंनी खाली बघितलं. पायाखालची पायरी बघितली. भिंतीवरची तिरपी पट्टी बघितली. मग अर्ध्या राहिलेल्या खिडकीतून बाहेर, जिथे त्यांच्या मते बघण्यासारखं काही नव्हतं, तिथे पुष्कळ वेळ बघितलं.

"हा उजेड संध्याकाळपर्यंत असाच असतो?" त्यांनी थोरलीला विचारलं.

"हो."

"मला कधी दिसला नाही. तू दार लावून घेतेस ना."

त्यात टोमणा होता की नव्हता, हे थोरलीला कळलं नाही. ती कळून घ्यायला थांबलीही नाही.

"बाहेरच्या जिन्याला," आई बाईंकडे वळून म्हणाल्या, "वर छप्पर करता येईल का? मला वर चहा न्यायचा झाला तर पावसात भिजायचं नाही. आणि कठडा दोन्ही बाजूंना. हा असा एका बाजूचा मला चालणार नाही." त्यांनी हवेतला कठडा सोडला आणि जपून, एकेक पायरी मोजावी तशा, सपाट जमिनीवर खाली उतरल्या.

"करता येईल," बाई म्हणाल्या. कानामागे पेन्सिल गेली.

"पण आई, चहा..." धाकटी म्हणाली.

"रोज नाही आणणार. मलाही पाय आहेत का तेवढे." मग जरा थांबून, "जेवलीस का, ते पण विचारणार नाही. फार तर हळू विचारीन."

दोघा भावांनी टेबल दारातून सोडवलं. ते आत आणताना भिंतीला घासलं आणि रंगाचा एक पापुद्रा निघाला. त्या भिंतीला आता कुणी हात लावणार नव्हतं, त्यामुळे तो पापुद्रा बराच काळ तिथे राहणार होता. बाई गेल्या. आई कुंड्यांकडे गेल्या आणि खरोखर कुंड्यांना पाणी घालायला लागल्या. धाकटा गाडीकडे गेला नाही. तो आणि धाकटी गच्चीवर चढले, शिडीवरून, ती पुढे आणि तो मागे. वर त्यांचं काय बोलणं चाललं ते खाली ऐकू येत नव्हतं, पण आवाज चांगलाच चढलेला होता. ताईंचा फोन कपाटावर राहिला होता. त्या अजून बोलत होत्या, छताशी.

थोरलीने फोन बंद केला. बादलीत फडकं बुडवलं, पिळलं, आणि गुडघ्यावर बसून पायऱ्या पुसायला लागली. खडू सहज निघत नव्हता. ओल्या लादीवर तो आधी पसरत होता, मग जात होता.

थोरला दारात आला. मग आत येऊन तिच्या समोर उभा राहिला, दोन पायऱ्यांच्या मधोमध.

"मी पुसतो," तो म्हणाला.

"नको."

"मी म्हणतो, आपण बोलू जरा."

तिने मान वर केली नाही. तिने त्याच्या चपलेच्या दोन्ही बाजूंनी फडकं फिरवलं. आजूबाजूचा जिना गेला. त्याच्या पायाखालचा तेवढा राहिला.

"बोलू," ती म्हणाली. "आज बोलू. पाय वर घ्या."

त्याने आधी एक पाय उचलला, मग तो ठेवायला जागा शोधली. सगळीकडे ओलं होतं. तो एका पायावर, भिंतीला हात टेकून उभा राहिला, आणि तिने त्याच्याखालची पायरी पुसली.